पाणी किती?

माणसाला कशाचा नाद लागेल याचा नेम नसतो. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी अडकित्ते. मला पुलांचा नाद आहे. तोही तारांनी टांगलेल्या, रात्री निळेजांभळे दिवे लागणाऱ्या नव्या पुलांचा नव्हे. दगडी कमानींचे, कठडे झिजलेले, ज्यांच्यावरून एका वेळी एकच एसटी जाते आणि पलीकडचा ट्रक कुरकुरत थांबून राहतो, असले पूल मला आवडतात.

हा नाद नोकरीने लावला. बँकेच्या बदल्या नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतच फिरत राहिल्या. देगलूर, बिलोली, औसा, निलंगा. या भागात कुठेही निघा, वाटेत मन्याड, लेंडी, तेरणा, तावरजा नाहीतर मांजरा आडवी येतेच. आठ महिने या नद्या म्हणजे वाळूचे पट्टे. पण आषाढात एखाद्या रात्री वर कुठेतरी पाऊस कोसळतो आणि सकाळी एसटी पुलाच्या तोंडाशी उभी राहते. कंडक्टर खाली उतरतो, धोतर-टोपीतले दोनचार अनुभवी प्रवासी उतरतात, आणि सगळे मिळून पाण्याकडे बघत उभे राहतात. कठड्याचा कितवा दगड दिसतो आहे यावर चर्चा होते. पाणी उतरेपर्यंत शेंगा खाल्ल्या जातात, सोयरिकी जुळतात. मला कादंबऱ्यांसाठी माणसे मिळाली ती बँकेच्या खिडकीपेक्षा या खोळंब्यांत जास्त.

पुलांची नावे हा तर एक स्वतंत्रच गमतीचा विषय आहे. पुण्यातल्या लकडी पुलात आज लाकडाची काडी नाही. तिथलाच 'नवा पूल' १९२३ सालचा, म्हणजे शंभरी ओलांडलेला, तरी लोकांच्या तोंडी तो नवाच. आमच्या नांदेडात गोदावरीवरचा 'जुना पूल' आहे. त्याला दुसरे नाव कुणी देऊ केले तरी तो ते स्वीकारेल असे वाटत नाही.

या जुन्या पुलाने मला उतारवयात एक मित्र मिळवून दिला. अजून आमची गाठ पडलेली नाही.

झाले असे. २०१५ च्या सुमारास एका ओळखीच्यांकडून फोनवर एक छायाचित्र आले. खाली लिहिले होते, 'निजामकालीन पूल, नांदेड.' पाहताक्षणी कळले की हा आमचा नव्हे. हा हैदराबादचा पुरानापूल. मुसी नदीवर कुतुबशाहीत, १५७८ साली बांधलेला, निजामाच्याही कितीतरी आधीचा. १९०८ च्या मुसीच्या महापुरातून वाचलेला. आमच्या पिढीतल्या मराठवाड्याच्या माणसाला हैदराबाद परके नाही. वडीलधाऱ्यांची कोर्टकचेरी, शिक्षण, लग्नाचा बस्ता, सगळे तिकडेच होत असे. मी तसे लिहून कळवले. ते लिहिणे कुठून कुठे फिरले कोण जाणे, पण दोन दिवसांनी एका अनोळखी क्रमांकावरून निरोप आला : 'बरोबर बोललात. २२ कमानी आहेत. चित्रात मोजून घ्या.' मी मोजल्या. चित्रात सतराच मावल्या होत्या. तसे कळवले. उत्तर आले : 'म्हणजे तुम्ही मोजता. मग बोलायला हरकत नाही.'

हे गृहस्थ सांगलीचे. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. मी त्यांना सांगलीकर म्हणतो, ते मला नांदेडकर. फोनवर त्यांच्या चेहऱ्याच्या जागी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे चित्र आहे. माझ्या जागी आमचा जुना पूल. दोन पूल एकमेकांशी बोलतात असे बघणाऱ्याला वाटावे.

आमच्या लहानपणी पत्रमैत्री नावाचा प्रकार होता. मासिकांत पत्ते छापून यायचे, आवडीच्या जागी 'वाचन, पोहणे, तिकिटे' असे लिहिलेले असायचे. दोनचार पत्रांत ती मैत्री संपायची, कारण सांगण्यासारखे संपायचे. आताच्या या दूरच्या मैत्रीचेही बहुतेक तसेच होते. सकाळी गुलाबाचे फूल, रात्री शुभरात्री, मध्ये काही नाही. आणि बँकेत आयुष्य गेलेला माणूस म्हणून सांगतो, अनोळखी मैत्रीबद्दल संशय हा आरोग्याला चांगला असतो. ज्याचा चेहरा पाहिला नाही, सही पाहिली नाही, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? आता तर गोड बोलून खाती रिकामी करणाऱ्यांचा धंदाच झाला आहे. सांगलीकरांची केवायसी मी केलेली नाही. पण इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे पैसे मागितले नाहीत, कुठल्या दुव्यावर बोट ठेवायला सांगितले नाही. मागितले ते एकच. पावसाळा लागला की निरोप येतो : 'नांदेडकर, पाणी किती?'

हा प्रश्न सांगलीच्या माणसाच्या रक्तातच आहे. आयर्विन पूल १९२९ साली झाला, तेव्हाच्या व्हाइसरॉयचे नाव त्याला मिळाले. व्हाइसरॉय इतिहासात गेला, पण पूल सांगलीचा पंचांगकर्ता होऊन बसला. त्याच्यापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट झाले की इशारा, ४५ झाले की धोका. कितव्या फुटाला कुठल्या गल्लीत पाणी शिरते हे तिथे जुन्या लोकांना पाठ असते. दुकानदार फुटांच्या आकड्यावर माल वरच्या फळीवर चढवतो.

आमच्याकडे हिशेब मीटरचा. नांदेडच्या जुन्या पुलाजवळ इशाऱ्याची पातळी ३५१ मीटर आणि धोक्याची ३५४. पहिल्यांदा हा आकडा कळवला तेव्हा सांगलीकरांनी हसण्याची पाच चित्रे पाठवली. '३५१? नांदेड बुडालं म्हणायचं!' मग त्यांनीच समजावले. त्यांचा आकडा पट्टीच्या शून्यापासून वर मोजलेला, आमचा समुद्रसपाटीपासून. म्हणजे समुद्र जिथून शेकडो किलोमीटर दूर, त्या गावाने आपले पाणी समुद्राशी लावून मोजायचे आणि सांगलीने आपल्याच नदीच्या तळाशी. मला यात पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा यांच्या स्वभावाबद्दल काहीतरी म्हणावेसे वाटले होते, पण असो.

तर आकड्यांची ही देवाणघेवाण सुरू झाली. तिकडे कोयनेतून सोडले की त्यांचा आकडा वाढे, इकडे येलदरी-सिद्धेश्वरचे पाणी पूर्णेतून उतरले आणि विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की माझा. पावसाळ्याबाहेर इतर पूल. छत्रपती संभाजीनगरला खाम नदीवर दरवाजे आणि पूल एकत्रच बांधलेले आहेत, मकाई दरवाजा, महमूद दरवाजा, बारापुल्ला दरवाजा. कामासाठी गेलो असता त्यांची छायाचित्रे मी पाठवली. मी पाठवायचो कमानी, सावल्या, संध्याकाळचे ऊन. त्यांचे उत्तर ठरलेले : 'सुंदर. खालून काढलेला आहे का?'

हे 'खालून' काय प्रकरण आहे ते कळायला मला वेळ लागला. पूल वरून पडत नाही, खालून पडतो, असे त्यांचे म्हणणे. दगडी कमान ही मोठी गुणी वस्तू. तिच्यावर जितका भार येईल तितके तिचे दगड एकमेकांना घट्ट धरतात. चुना झिजला, पिंपळाने मुळे घातली तरी ती बरीच वर्षे सांभाळून घेते. पण खांबाच्या पायाशी पुराचे पाणी भोवरे करते आणि तिथली वाळू-माती उकरून नेते. गंमत म्हणजे, गंमत कसली, भीती म्हणजे, ही खड्डेखोदाई पूर ऐन भरात असताना सर्वांत खोल असते. पूर ओसरू लागला की वरून आलेला गाळ तोच खड्डा पुन्हा भरून टाकतो. पाणी उतरल्यावर माणूस बघायला जातो तेव्हा सगळे जागच्या जागी दिसते. पुलाच्या आसपास वाळूचा उपसा चालत असेल तर पायाचे बळ आणखी कमी. आमच्या गोदावरीकाठच्या माणसाला वाळूच्या उपशाबद्दल मी वेगळे काय सांगावे!

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला. १९२८ चा पूल. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने अंधारात तशीच पुढे गेली. समोर पूल नाही हे कळायला मार्गच नव्हता. सकाळी सांगलीकरांचा निरोप आला, एवढाच : 'मी त्या रस्त्याने किती वेळा गेलो असेन.' नंतर तीन दिवस काही नाही. तिथे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतूक सुरू झाली. मी ते कौतुकाने कळवले. त्यांनी लिहिले, 'बांधता येतं हो. बघत राहता येत नाही आपल्याला.'

त्याच वर्षी, त्या अपघाताच्या काही महिने आधी, लातूर तहानेने व्याकूळ झाले होते. माझी धाकटी बहीण लातूरला असते. हंडे, रांगा, टँकरमागे धावणे, नळाला पाणी येऊन किती दिवस झाले याचे कॅलेंडरवर फुल्या मारून ठेवलेले हिशेब. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. त्या गाडीला नाव पडले 'जलदूत'. राजस्थानात कोट्याला धुऊन काढलेल्या टाक्यांच्या गाड्या, पहिल्या खेपेला १० टाक्या, ५ लाख लिटर. पुढे ५० टाक्या, २५ लाख लिटर. सुमारे साडेतीनशे किलोमीटर कृष्णेचे पाणी मांजरेच्या गावाला आले.

हा मार्ग कुठला? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. आमच्या पिढीला माहीत असलेल्या बार्शी लाइटचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची ही छोटी गाडी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली. ती १९११ मध्ये लातूरला पोचली आणि दुसऱ्या बाजूने १९२७ मध्ये मिरजेला. तिच्या संथपणावर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विनोद झाले. सांगलीकर मात्र कॅलथ्रॉपबद्दल बोलू लागले की देव्हाऱ्यासमोर बसल्यासारखे बोलतात. त्याने डबे-इंजिने अशी आखली की कुठल्याही आसावर ५ टनांच्या वर भार येऊ नये. भार कमी म्हणून रूळ हलके, पूल हलके, खर्च कमी. 'पूल मजबूत करण्याची एक रीत म्हणजे गाडीला अंगाबाहेर खाऊ न देणे,' असे त्यांचे भाष्य. ओव्हरलोड उसाचा ट्रॅक्टर पाहिला की मला ते आठवते.

जलदूत चालू असताना त्यांचा रोज एक निरोप यायचा : 'आमचं पाणी कसं लागलं ताईंना?' बहिणीला विचारले. ती म्हणाली, 'पाण्याला कसली रे चव दादा, आलं हीच चव.' मी ते जसेच्या तसे पाठवले. त्यानंतर सांगलीकर तिला 'लातूरच्या ताई' म्हणू लागले, आणि दिवाळीला तिच्या पत्त्यावर बेदाण्याचे पार्सल आले. तीन वर्षांनी या पार्सलची परतफेड करायची वेळ आली.

२०१९ चा ऑगस्ट. सांगलीचा आकडा ४५ च्या पुढे गेला. मग ५०. २००५ च्या पुराची आठवण असलेली माणसे म्हणत होती, त्याच्या वर काही जाणार नाही. गेले. सांगलीकर दर तीन तासांनी आकडा कळवत होते, जणू कुणीतरी त्यांची ड्यूटी लावली होती. ५३. ५४. मी लिहिले, घर सोडा. उत्तर आले, 'वरच्या मजल्यावर आहोत. ५५.' मग फोन बंद. त्या पुरात आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले, हे मी इथे नांदेडला कोरड्या घरात बसून दूरदर्शनवर पाहिले. पाच दिवस. ज्या माणसाच्या घराचा पत्ता मला ठाऊक नाही, घरात किती माणसे आहेत ठाऊक नाही, आवाजही मोजून चार वेळा ऐकलेला, त्याच्यासाठी मी रात्री उठून फोन बघत होतो. बायको म्हणाली, 'अहो, तुमचे सख्खे चुलतभाऊ आजारी होते तेव्हा नाही जागलात एवढे.' खरेच होते ते. सहाव्या दिवशी निरोप आला : '५१. उतरतंय. फोन भिजला होता.' लातूरच्या ताईने त्या महिन्यात सोलापुरी चादरी आणि ज्वारीचे पोते धाडले. पोते का, तर तिच्या मते पूर आलेल्या घरात सर्वांत आधी धान्य जाते. ती बरोबर होती.

इतके सगळे होऊनही आमचे भांडण झालेच. ५ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीने रस्ता रिकामा असताना, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडला. १८३० चा पूल. बोरघाटातल्या रस्त्याइतकाच जुना. मला फार वाईट वाटले आणि मी तसे लांबलचक लिहिले. सांगलीकरांनी एका ओळीत निकाल दिला : 'फार आधी पाडायला हवा होता.' खांब भर रस्त्यात, वळणावर, किती गाड्या आदळल्या याचा हिशेब त्यांच्याकडे होता. मी म्हटले, दीडशे-दोनशे वर्षांची वस्तू एका दिवसात पाडणे हा कुठला हिशेब? त्यांचे उत्तर लागले मला. 'नांदेडकर, तुम्ही पुलावर उभं राहून सूर्यास्त बघता. मी नोकरीभर पुलाखाली उभं राहून भेगा बघितल्या. आपलं प्रेम सारखं नाही.' मीही रागाने गप्प बसलो. तीन महिने. त्या दिवसांत सगळेच घरात कोंडलेले, माणसे जात होती, आणि आम्ही दोन म्हातारे पाडलेल्या पुलावरून अबोला धरून होतो. श्रावणात एका पहाटे निरोप आला : 'पाणी किती?' मी आकडा कळवला. विषय पुन्हा निघाला नाही. माझे मत मात्र आजही तेच आहे.

खरे तर आमच्या दोघांच्या मधली वाट एका तिसऱ्या व्यक्तीने दाखवली. मूळ लातूरची एक मुलगी, आता तीही पन्नाशीकडे झुकलेली, इंग्लंडमध्ये श्रॉपशर भागात राहते. तिचे आजोबा बार्शी लाइटवर गँगमन होते. माझ्या एका लेखात त्या गाडीचा उल्लेख वाचून तिने ई-मेल केला आणि 'काका' म्हणू लागली. तिच्या घराजवळ सेव्हर्न नदीवर जगातला पहिला मोठा बिडाचा पूल आहे, १७७९ सालचा. लोखंडाचा एवढा मोठा पूल आधी कुणी बांधलेलाच नव्हता, म्हणून त्या कारागिरांनी सुतारकामासारखे सांधे केले, चौकटीला खुंट्या मारतात तसे. १९३४ पासून त्यावर वाहनांना बंदी आहे. माणसे पायी जातात. १९७० च्या दशकात दोन्ही काठ आत सरकू नयेत म्हणून नदीच्या तळातून काँक्रीटचा आधार दिला. म्हणजे खालून. ते छायाचित्र मी सांगलीला पाठवले तेव्हा तिकडून प्रथमच शेरा न येता नमस्काराचे चिन्ह आले. आणि पाठोपाठ, 'याला पेन्शन म्हणतात.'

आम्हाला पेन्शन मिळते, पुलांना मिळत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. आपल्याकडे जुना पूल एकतर पडेपर्यंत राबतो, नाहीतर पाडला जातो. नुसता फलक लावणे म्हणजे निवृत्ती नव्हे. १५ जून २०२५ च्या रविवारी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी साकव पर्यटकांच्या गर्दीने कोसळला, चार जण गेले. धोक्याची सूचना तिथे होती. निवृत्त पुलालाही कुणी विचारणारे लागते, रोज नाही तरी दर पावसाळ्याला.

त्याच पावसाळ्यात, १७ ऑगस्टच्या रात्री, मुखेड आणि उदगीरच्या पट्ट्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. मुखेड तालुक्यात गावांत पाणी शिरले, लष्कराला बोलवावे लागले. सकाळी श्रॉपशरहून मजकूर आला. तिकडे तेव्हा पहाट असेल. 'काका, बाबा उदगीर तालुक्यात शेतावर एकटेच आहेत. फोन लागत नाही.' मी नांदेडात, मधले रस्ते बंद. देगलूरच्या शाखेतला माझा जुना शिपाई आता उदगीरला मुलाकडे राहतो. त्याला फोन केला. त्याच्या मुलाच्या ओळखीचा एक दूधवाला त्या गावचा. दूधवाला ओढ्यापर्यंत गेला, पुलावर पाणी, परत आला. दुपारी पुन्हा गेला. दरम्यान सांगलीकर, ज्यांचा या मुलीशी कधी एक शब्दही झालेला नाही, मला तासातासाला विचारत होते, आणि त्या ओढ्यावरचा पूल कोणत्या जातीचा आहे, नळ्यांचा की फरशीचा, याची चौकशी करत होते. फरशीचा असेल तर पाणी कठड्याच्या खांबांखाली गेल्याशिवाय दूधवाल्याला पाऊल टाकू देऊ नका म्हणाले. मी निरोप पोचवला. दूधवाला थांबला.

संध्याकाळी पाचच्या सुमारास तो पलीकडे गेला. म्हातारबाबा शेजाऱ्यांच्या माळवदावर, दोन शेळ्यांसह, धडधाकट. दूधवाल्याने आपल्या फोनवरून त्यांचे बोलणे करून दिले. लेकीला ते काय म्हणाले ते मला ठाऊक नाही. माझ्याशी मात्र थोडे तुसडेपणानेच बोलले. 'तुम्ही आमचे कोण?' असे दोनदा विचारले. मी नाव सांगितले, नांदेडचा म्हणालो, बँकेतला म्हणालो. 'कर्ज तर आम्ही कवाच फेडलंय,' म्हणाले आणि फोन दूधवाल्याला देऊन टाकला.

यंदा सांगलीला जायचे म्हणतो आहे. दिवाळीनंतर येतो असे कळवले होते, गुलाबी थंडी असते, पुलावर उभे राहायला बरे. सांगलीकर नको म्हणाले. मे महिन्यात या, ऊन लागेल, टोपी आणा. तेव्हा पाणी सर्वांत कमी असते, खाली उतरून खांबांच्या पायाशी जाता येते.